पेट स्कॅन: कधी लागतो, कधी लागत नाही

डॉक्टरांनी 'पेट स्कॅन करून घ्या' म्हटलं की आपल्या घरांत पहिला घोटाळा नावापासूनच होतो. घरात उर्दू किंवा दखनी बोलणारी मंडळी असली तर त्यांना वाटतं ही पोटाची तपासणी आहे. मग 'गाठ तर मानेला आहे, पेट का स्कॅन कशाला?' असा सवाल येतो. पोटाचा इथे काही संबंध नाही. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं आहेत. आजकाल त्याच मशीनमध्ये सीटी स्कॅनही होतो, म्हणून रिपोर्टवर 'पेट-सीटी' लिहिलेलं असतं.

तपासणीची कल्पना सोपी आहे. बहुतेक कॅन्सरच्या पेशी साखर भरभरून ओढून घेतात. म्हणून ग्लुकोजसारख्या एका पदार्थाला फ्लोरिन-18 हा किरणोत्सर्गी अणू जोडून शिरेतून इंजेक्शन देतात. याला एफडीजी म्हणतात. सुमारे एक तास पेशंटला शांत पडून राहायला सांगतात आणि मग स्कॅन घेतात. जिथे साखर जास्त गेली तिथे चित्रात चमक दिसते. सीटी गाठीचा आकार आणि जागा दाखवतो, पेट ती गाठ किती 'जागी' आहे ते दाखवतो. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवून त्याच दिवशी वापरावं लागतं. म्हणूनच वेळ चुकवू नका असं सेंटरवाले बजावतात, आणि त्यांचं खरं आहे. टाटा मेमोरियलमध्ये पेट-सीटी 2004 मध्ये आला. आता राज्यातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत ही सोय आहे.

आता मुद्द्याचं. हा स्कॅन महाग आहे. खाजगीत दहा हजारांच्या पुढे सहज जातो आणि कित्येक घरांत त्यासाठी उसनवारी होते, जमातीकडे किंवा नातेवाइकांकडे शब्द टाकावा लागतो. म्हणून तो कुठे खरोखर उपयोगी आहे हे घरच्यांना माहीत असलेलं बरं.

लिम्फोमामध्ये, खास करून हॉजकिन प्रकारात, पेट स्कॅन उपचाराचा भागच झाला आहे. सुरुवातीला आजार कुठवर पसरलाय ते बघतात आणि बहुधा दोन केमोनंतर पुन्हा स्कॅन करतात. चमक किती उरली त्याला 1 ते 5 असे डोव्हिल गुण देतात. 1 ते 3 आले तर औषध लागू पडतंय असं धरतात. कधी त्यावरून पुढची केमो हलकी करता येते, कधी वाढवावी लागते. फुप्फुसाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर असेल तर मोठं ऑपरेशन ठरवण्याआधी हा स्कॅन करतात, कारण आजार लांब पसरलेला असेल तर छाती उघडून पेशंटला फायदा होत नाही.

घसा आणि मानेच्या कॅन्सरमध्ये एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. केमो-रेडिएशननंतर मानेतल्या गाठी काढायला पूर्वी सरसकट ऑपरेशन करत. ब्रिटनमध्ये 564 पेशंटवर झालेल्या अभ्यासात (2016) अर्ध्यांचं ऑपरेशन ठरवलं आणि अर्ध्यांचा बारा आठवड्यांनी पेट-सीटी केला. स्कॅनच्या गटात फक्त 54 जणांना मानेचं ऑपरेशन लागलं, दुसऱ्या गटात 221 जणांचं झालं. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. इथे स्कॅनचा पैसा वसूल होतो.

पण स्तनाची लहान, सुरुवातीची गाठ असेल आणि दुसरीकडे काही त्रास नसेल तर पेट स्कॅनची साधारणपणे गरज नसते. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने 2012 मध्येच हे स्पष्ट सांगितलं. उपचार संपून पेशंट ठणठणीत असताना 'खात्री म्हणून' दर सहा महिन्यांनी स्कॅन करण्याबाबतही बहुतेक आजारांत हेच लागू आहे. अनेकदा घरचेच आग्रह धरतात. भीती समजू शकते, पण डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: या रिपोर्टवरून उपचारात काय बदलणार? काहीच बदलणार नसेल तर ते पैसे औषधाला आणि येण्याजाण्याला ठेवा.

सगळ्यात जास्त घबराट होते ती चमक दिसली की. चमकणारं सगळं कॅन्सर नसतं. टीबीच्या गाठीही तशाच चमकतात, आणि आपल्याकडे टीबी काही कमी नाही. ताजं ऑपरेशन, रेडिएशनची सूज, साधं इन्फेक्शन, सगळं चमकू शकतं. उलट काही हळू वाढणारे कॅन्सर आणि अगदी बारीक गाठी दिसत नाहीत. मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो, तिथे एमआरआय लागतो. म्हणून निदान बायोप्सीवरच होतं. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा स्कॅन करा' हे ऐकीव बोलणं मनावर घेऊ नका.

तयारीत चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं, पण साधं पाणी चालतं, उलट भरपूर प्यायला सांगतात. आदल्या दिवशी गोड कमी आणि अंगमेहनत बंद. शुगरवाल्यांनी अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं. रक्तातली साखर 200 च्या वर असेल तर स्कॅन बहुधा पुढे ढकलतात. इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन कधी घ्यायचं ते सेंटरला विचारूनच ठरवा, मनाने बंद करू नका.

रमजानमध्ये स्कॅन आला तर पाण्याचा पेच पडतो. शिरेतलं इंजेक्शन पोषण देणारं नसेल तर रोजा तुटत नाही असं बऱ्याच उलेमांचं मत आहे, पण काही ठिकाणी सीटीसाठी औषध प्यायला देतात, आणि स्कॅननंतर औषध लघवीतून निघून जायला पाणी प्यावंच लागतं. आजारी माणसाला रोजा नंतर कजा करण्याची सवलत आहेच. आपल्या आलिमांना आधी विचारून घ्या. सेहरीची वेळ आणि उपाशी राहण्याचे तासही जुळवून पाहा.

धातूच्या डबीतला तावीज, चेन, सेफ्टी पिना काढून ठेवाव्या लागतात, धातूने चित्र बिघडतं. बायकांना लेडी टेक्निशियन हवी असेल तर आधी फोनवर सांगावं, बरीच सेंटर सोय करतात. घरात कुणी गरोदर असेल किंवा तान्हं मूल असेल तर त्या दिवशी काही तास पेशंटने त्यांना जवळ घेऊ नये. पेशंट स्वतः गरोदर असण्याची शंका असेल, किंवा अंगावर पाजत असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगणं अत्यंत गरजेचं आहे. वजू आणि नमाजला काही अडचण नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. तुमच्या आजाराच्या पॅकेजमध्ये काय बसतं ते तो सांगेल. आणि रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर जुन्या चित्राशी तुलना करतात, त्यामुळे शक्यतो पुढचा स्कॅनही त्याच सेंटरवर करा.