वतन, निवृत्तिवेतन आणि वारस : शहादा परिसराच्या संदर्भात

मराठीतील ‘वारस’ हा शब्द मूळचा अरबी असून तो मराठी व्यवहारात पूर्णपणे मुरला आहे. मृताच्या जमिनीवर ज्याचे नाव लागते तो वारस, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर ज्याचे नाव लिहिलेले असते तोही वारस, आणि शासकीय नोकराच्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन जिला मिळते ती विधवाही वारसच. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही तीन निरनिराळी नाती आहेत. ती एका शब्दात का गोवली गेली, याचे उत्तर भाषेपेक्षा राज्यव्यवहाराच्या इतिहासात अधिक सापडते. त्या इतिहासाचा मागोवा खानदेशातील, विशेषतः शहादा परिसरातील परिस्थितीच्या आधारे घेणे उद्‌बोधक ठरेल.

मराठेशाहीत राजसेवेच्या मोबदल्याचे दोन प्रकार होते : वेतन आणि वतन. वेतन सेवेबरोबर संपे. वतन वंशपरंपरा चाले. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे अधिकारपद हीच त्यांची मिळकत असल्यामुळे मृत्यूनंतर कुटुंबाचे काय होणार, हा प्रश्न वतनदाराच्या बाबतीत वेगळा उद्‌भवतच नसे. पद, जमीन आणि मानपान ही सर्व एकाच वाटेने पुढील पिढीकडे जात. हा प्रश्न उभा राहिला तो वेतनी नोकरापुढे, प्रामुख्याने शिपायापुढे. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी रणात पडलेल्यांच्या मुलांस चालविले आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांस निम्मे वेतन करून दिले, असे सभासदाची बखर सांगते. पेशवेकाळात अशा तरतुदीस ‘बालपरवेशी’ हे नाव रूढ होते. ‘परवेशी’ म्हणजे प्रतिपाळ. बालपरवेशीचा आधार वारसाहक्क हा नसून कुटुंबाची निराधार अवस्था आणि धन्याचे कर्तव्य हा होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. वारसा आणि प्रतिपाळ या दोन कल्पना त्या काळी निदान शब्दांनी तरी वेगळ्या राखलेल्या दिसतात.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली आणि खानदेशातील भिल्लांपैकी काहींच्या जीवनात सरकारी वेतनाचा प्रवेश झाला. याउलट गावोगाव राखणीचे काम करणारे भिल्ल जागले गावव्यवस्थेतील परंपरागत हक्कांवरच अवलंबून राहिले. म्हणजे एकाच समाजात वेतन आणि वतन या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्या. याच सुमारास, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनची संहिता तयार झाली. तिच्यातील आठव्या विनियमाने दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला देण्याची पद्धत घालून दिली. हा विनियम महाराष्ट्रात अद्याप वापरात आहे. आज एखाद्या शिक्षकाची विधवा वारस दाखल्यासाठी न्यायालयात अर्ज करते, तेव्हा ती जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या चौकटीतच पाऊल टाकीत असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कायद्यांनी या दोन पद्धतींचे स्वरूप निश्चित केले. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमात नोकराचे निवृत्तिवेतन आणि सरकारने दिलेली रोख रकमेची वा जमीन महसुलाची देणगी यांचा विचार एकाच कायद्यात झाला. त्याच कायद्याने नोकराच्या निवृत्तिवेतनास सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण दिले, आणि पुढे येणे असलेले निवृत्तिवेतन दुसऱ्याच्या नावे करून देण्याचे करारही निरर्थक ठरविले. सावकारी पाशात सापडलेल्या खानदेशसारख्या मुलखात या संरक्षणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने सरकारच्या मंजुरीवाचून वतन घराण्याबाहेर जाऊ देण्यास आळा घातला. १८८६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तिच्यान्वये शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता घराण्यातील इतर स्त्रियांचा क्रम पात्र पुरुषांच्या मागे लावण्यात आला. वतनाचा वारस कोण, हे अशा रीतीने सरकारने ठरविले, आणि ते पुरुषाच्या बाजूने ठरविले.

स्वातंत्र्यानंतर वतनाचा पायाच काढून घेण्यात आला. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे पद रद्द झाले. अधिकारपद यापुढे कोणाच्याही घरची मिळकत राहिले नाही. याच सुमारास दुसऱ्या बाजूची बांधणी झाली. कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना १९६४ पासून लागू झाली, आणि पुढे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत तिला स्थान मिळाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर शासनव्यवहाराच्या मराठीकरणातून निवृत्तिवेतन, उपदान, अंशराशीकरण, नामनिर्देशन हे शब्द कागदोपत्री स्थिरावले. बोलण्यात मात्र ‘पेन्शन’, ‘ग्रॅच्युइटी’ आणि ‘नॉमिनी’ हेच राहिले. ‘निवृत्तिवेतन’ या शब्दात ‘वेतन’ आहे, हे अर्थपूर्ण आहे. निवृत्तिवेतन ही सरकारची मर्जी नसून नोकराचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या आणि १९८२ मध्ये नकारा यांच्या प्रकरणात सांगितले. मराठी शब्दाने हा आशय आपल्या घडणीतच सामावून घेतला होता.

परंतु हक्क असणे आणि मिळकत असणे यांत अंतर आहे, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. कुटुंब निवृत्तिवेतन हा मृताच्या मिळकतीचा भाग नव्हे. म्हणून मृत्युपत्राने त्याची विल्हेवाट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जोधसिंग यांच्या आणि १९९१ मध्ये व्हायोलेट आयझॅक यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. ते कोणास मिळावे, हे नियम ठरवितो, मृताची इच्छा नव्हे. या अर्थाने ते वतनापेक्षा बालपरवेशीच्या अधिक जवळचे आहे. भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट निराळी. तो नोकराने साठविलेला पैसा असल्यामुळे त्यास वारसाहक्काचा कायदा लागू होतो, आणि नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ रक्कम स्वीकारण्यास अधिकृत ठरते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात एका बँक-कर्मचाऱ्याने विवाहापूर्वी आईचे नामनिर्देशन केले होते. विवाहानंतर त्याचा मृत्यू झाला, आणि रक्कम कोणाची असा वाद उत्पन्न झाला. नामनिर्देशनामुळे आईला एकटीला मालकी मिळत नाही, विधवेचाही वाटा आहे, असा निर्णय झाला. कंपन्यांच्या भागांच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, असे २०२३ मध्ये ठरले. विम्यापुरता मात्र २०१५ च्या दुरुस्तीने जवळच्या नातलगास लाभार्थीचा दर्जा दिला आहे. म्हणजे एका शब्दाचा अर्थ कागदागणिक बदलतो.

हे सर्व शहाद्यासारख्या ठिकाणी एकाच घरात कसे एकत्र येते, हे पाहिले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेल्या एखाद्या गुजर वा पाटील कुटुंबातील तलाठी मृत्युपत्र न करता वारला, तर कुटुंब निवृत्तिवेतन प्रथम त्याच्या पत्नीस मिळते. निधीची रक्कम आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटली जाते. वडील पहिल्या वर्गाचे वारस नसल्याने त्यांना त्यात वाटा नसतो. शेतीची वारस नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते, आणि ती नोंद मालकी निर्माण करीत नाही. तिन्ही ठिकाणी नावे वेगळी येऊ शकतात. घरातील माणसे मात्र एकच प्रश्न विचारतात : वारस कोण?

आदिवासी कुटुंबात हा प्रश्न आणखी बिकट होतो. शहादा तालुक्यात भिल्ल, पावरा आदी जमातींची मोठी वस्ती आहे आणि त्यांतील अनेक जण शिक्षक, वनरक्षक, पोलीस, आरोग्यसेविका म्हणून शासकीय सेवेत आहेत. हिंदू विवाह कायदा, १९५५ आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ या दोहोंच्या कलम २(२) अन्वये, केंद्र शासनाने अधिसूचनेने अन्यथा ठरविल्यावाचून, हे कायदे अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. त्यांचा वारसा रूढीने चालतो, आणि रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते. निवृत्तिवेतनाचा नियम मात्र सर्वांस एकच आहे. त्यामुळे ज्या विधवेस मासिक निवृत्तिवेतन निर्विवाद मिळते, तिलाच पतीच्या शेतातील हिश्श्यासाठी रूढीशी झगडावे लागणे शक्य आहे. नियम ११६ मधील ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर विवाहातील पत्नी, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१९ मध्ये लावला. जेथे विवाहच रूढीवर आधारलेला आहे तेथे त्या ‘कायदेशीर’पणाचा पुरावाही रूढीतच शोधावा लागतो. आदिवासी स्त्रियांना वारसाहक्क मिळण्यासाठी कायद्यात दुरुस्तीचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केंद्र शासनास सुचविले. २०२५ मध्ये, स्त्रीस वगळणारी रूढी सिद्ध झाली नसल्यास तिला समान वाटा नाकारता येणार नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. शहादा परिसराने १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या रूपाने आदिवासींच्या जमिनीच्या हक्काचा मोठा लढा पाहिला आहे. परत मिळालेली जमीन घरात कोणाच्या नावे राहणार, हा त्याच लढ्याचा पुढील भाग मानला पाहिजे.

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी महाराष्ट्राने अंशदानावर आधारलेली निवृत्तिवेतन योजना स्वीकारली, तेव्हा या इतिहासाने आणखी एक वळण घेतले. सरकारच्या दायित्वाची जागा नोकराच्या नावावरील संचयाने घेतली, आणि संचय म्हटला की नामनिर्देशन व वारसा हे प्रश्न पुन्हा उपस्थित होतात. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संपानंतर या नोकरांच्या कुटुंबांनाही कुटुंब निवृत्तिवेतनाचा विकल्प शासनाने दिला. मिळकत आणि प्रतिपाळ यांतील जुना ताण येथे पुन्हा दिसतो. निव्वळ संचयावर भागत नाही, कोणीतरी प्रतिपाळाची हमी द्यावी लागते, हेच या विकल्पाने मान्य केले.

वतनदारास आपल्या मागची व्यवस्था लावावी लागत नसे. ती घराण्याने आणि सरकारने आधीच लावलेली असे. आजच्या वेतनी नोकराची स्थिती तशी नाही. सेवापुस्तकातील कुटुंबाचा तपशील, नामनिर्देशनाचे अर्ज आणि मृत्युपत्र ही तीन कागदपत्रे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. विवाहापूर्वी केलेले नामनिर्देशन विवाहानंतर बदलले नाही, तर त्याची किंमत बहुधा विधवेस न्यायालयात मोजावी लागते. ‘कुटुंबीय’, ‘नामनिर्देशित’ आणि ‘वारस’ हे तीन शब्द शासनाच्या मराठीत उपलब्ध आहेत. ते लोकांच्या बोलण्यात वेगवेगळ्या अर्थांनी रुळतील, तेव्हाच या तीन हक्कांची ओळख सामान्य कुटुंबास पटेल. तोवर बालपरवेशी आणि वतन यांतील जो भेद जुन्या दप्तरांनी शब्दांनी राखला होता, तो आजच्या घरांना वाद उभा राहिल्यानंतरच कळत राहील.