आरोग्य-आकडेवारी : येवला तालुका

मोठ्या प्रमाणावर जमवलेल्या नोंदींवरून आरोग्यसेवेचे नियोजन करण्याची पद्धत. देशात 2008 पासून ‘एचएमआयएस’ ही संगणकीय व्यवस्था उपकेंद्रांपासून रुग्णालयांपर्यंतचे मासिक आकडे गोळा करते. मात्र आकडे नुसते साठवून सेवा सुधारत नाही. ते कोणत्या लोकसंख्येचे, हे आधी ठरावे लागते. 1969 च्या कायद्यानुसार जन्माची नोंद घटनास्थळी होते. येवल्याची गर्भवती शेजारच्या कोपरगावात किंवा नाशिकला बाळंत झाली, तर जन्म तिथल्या खाती जातो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत या गोंधळात भर घालते. अशा वेळी तालुक्यातील प्रसूती घटलेल्या दिसतात, आणि खाटा व परिचारिका यांची मागणीही चुकीची ठरू शकते.

नोंदींचा भार आशा कार्यकर्तीवर पडतो, त्यात रुग्णच मागे राहतो, हा आक्षेप रास्त आहे. पण गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत घरोघरी जन्म-मृत्यू मोजले आणि त्याच गावांतील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत नवजातांची काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आला. तुलनेच्या गावांत तो 60 च्या आसपासच राहिला (‘लॅन्सेट’, 1999). नोंद उपयोगी पडली ती तिथल्याच कामाला जोडल्यामुळे. येवल्याचे आकडे वर पाठवताना ते उपकेंद्रात परत येतात का, हा प्रश्न म्हणूनच संगणकापेक्षा मोठा. गोपनीयतेसाठी 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. तरी छोट्या गावात नाव वगळूनही माणूस ओळखू येतो, त्यामुळे गावनिहाय आकडे जाहीर करताना सावधगिरी हवी.