गोल्डमन, एमा : प्रभाव व वारसा

रशियन साम्राज्यातील कॉव्ह्नो येथे जन्मलेल्या अमेरिकन अराज्यवादी (पहा : अराज्यवाद) एमा गोल्डमन (२७ जून १८६९–१४ मे १९४०) यांच्या विचारांचा उत्तरकालीन चळवळींवर पडलेला प्रभाव. १८८५ मध्ये अमेरिकेत येऊन रॉचेस्टरच्या कापडी पोशाखांच्या कारखान्यात राबणाऱ्या गोल्डमन यांना १८८७ च्या शिकागोतील फाशींनी (पहा : हेमार्केट प्रकरण) अराज्यवादाकडे वळविले. 'मदर अर्थ' मासिक (१९०६–१७), संततिनियमनावरील व्याख्यानामुळे १९१६ मध्ये भोगलेली कैद, सक्तीच्या लष्करभरतीस विरोध केल्याबद्दल दोन वर्षांची सजा आणि डिसेंबर १९१९ मध्ये ब्यूफर्ड जहाजातून झालेली हद्दपारी, हा त्यांच्या चरित्राचा दफ्तरी सारांश होय. राज्यसत्तेबरोबरच विवाहसंस्थेचीही चिकित्सा केल्यामुळे १९७० नंतरच्या स्त्रीमुक्ती चळवळीने (पहा : स्त्रीवाद) त्यांना पुन्हा जवळ केले. आयोवा सिटी येथील स्त्री-आरोग्य चिकित्सालयास १९७३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सदऱ्यांवर छापलेले, नृत्याविना क्रांती नाकारणारे त्यांच्या नावावरील वचन मात्र, मोर्चांतील फलकांवर आजही झळकत असले तरी, त्यांच्या लेखनात शब्दशः आढळत नाही. आत्मचरित्रातील (१९३१) एका प्रसंगाचा तो इतरांनी केलेला संक्षेप आहे. त्यांच्या पत्रव्यवहाराचे संकलन १९८० पासून बर्कली येथे झाले.