रेल्वेस्थानके, जुनी : इतिहास व पुनर्वापर

रेल्वेस्थानके, जुनी : वाफेची एंजिने आणि सुट्या वाघिणींतून होणारी मालवाहतूक यांच्या काळात उभारलेली, परंतु वाहतुकीची पद्धत पालटल्यामुळे अंशतः किंवा पूर्णतः निरुपयोगी ठरलेली रेल्वेस्थानके व त्यांच्या आवारातील बांधकामे. स्थानक म्हणजे केवळ तिकीटघर व फलाट नव्हे. मालधक्का, मालगोदाम, एंजिनासाठी पाण्याची टाकी, सिग्नल व सांधे हलविण्याची केबिन, प्रतीक्षालय, कर्मचाऱ्यांची घरे व मोकळी जमीन अशा अनेक घटकांचा त्यात समावेश होतो. यांपैकी प्रत्येक घटकाचे आयुष्य वेगळे असते. प्रवासी चढत-उतरत असतानाच त्याच स्थानकातील मालगोदाम वापराविना पडून राहू शकते. जुन्या स्थानकांच्या पुनर्वापराचा विचार करताना म्हणूनच इमारत किती जुनी आहे एवढेच पाहून भागत नाही. तिचे कोणते काम संपले व गावाचे कोणते काम तीत सामावता येईल, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. खानदेशातील स्थानके या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

खानदेशातील लोहमार्ग : मुंबई (बोरीबंदर) ते ठाणे हा सु. ३४ किमी. लांबीचा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने थळ घाटातून ईशान्येकडे मार्ग नेला. १८६० नंतरच्या दशकात तो मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव व भुसावळ या गावांवरून गेला आणि १८६७ मध्ये भुसावळ–नागपूर मार्ग खुला झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) भारतीय कापसाला इंग्लंडमध्ये मोठी मागणी आली होती. कापूस पिकविणाऱ्या खानदेश व वऱ्हाड या प्रदेशांना मुंबई बंदराशी जोडण्याची निकड त्यामुळे वाढली. हा मार्ग मात्र खानदेशाच्या दक्षिण व पूर्व भागांतून गेला. शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार ही तापी खोऱ्याच्या पश्चिम भागातील गावे पुढे तीसहून अधिक वर्षे लोहमार्गापासून दूर राहिली. तेथील रुईच्या गासड्या बैलगाड्यांनीच बाजारात जात.

ही उणीव तापी व्हॅली रेल्वेने भरून काढली. सुरत ते अमळनेर हा सु. २५० किमी. लांबीचा रुंदमापी मार्ग या कंपनीने बांधला. किलिक निक्सन ही मुंबईची पेढी कंपनीची व्यवस्था पाही. १९०० पर्यंत हा मार्ग पूर्ण झाला व पुढे अमळनेर–जळगाव या दुव्याने तो मुख्य मार्गास मिळाला. त्यावर नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद इ. स्थानके झाली. १९०० मध्येच चाळीसगाव–धुळे हा ५६ किमी. लांबीचा फाटा खुला झाला. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाचाच हा काळ होय. पुढे १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण ठरले.

या घडणीतून एक विसंगती निर्माण झाली. धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण फाट्याच्या टोकाला राहिले, तर शिंदखेडा हे त्याच जिल्ह्यातील तालुक्याचे गाव सुरतेकडून येणाऱ्या सरळ मार्गावर आले. दोन्ही गावी स्थानक असूनही त्यांच्यात थेट लोहमार्ग नव्हता; धुळ्याहून रेल्वेने शिंदखेड्यास जाणाऱ्यास चाळीसगाव, जळगाव व अमळनेर असा वळसा पडे. लोहमार्ग जिल्ह्याच्या सोयीसाठी नव्हे, तर बंदराकडे माल नेण्यासाठी आखले गेले होते, याचा हा ठळक पुरावा होय. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या, तेव्हा चाळीसगाव–धुळे फाटा मध्य रेल्वेकडे व शिंदखेड्यावरून जाणारा मार्ग पश्चिम रेल्वेकडे गेला. परिणामी एकाच जिल्ह्यातील स्थानकांचा कारभार दोन वेगळ्या रेल्वे-प्रशासनांकडे राहिला.

स्थानकाची रचना व तिची कारणे : शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या स्थानकाची आखणी त्या काळातील तंत्राने ठरविलेली असे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावे, म्हणून ठराविक अंतरावर जादा रूळ व स्थानक आवश्यक असे. पुढील स्थानकापर्यंतचा मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणून चालकाला ‘टोकन’ म्हणजे यंत्रातून निघणारा धातूचा गोळा दिला जाई. एक गोळा बाहेर असेपर्यंत त्या टप्प्यासाठी दुसरा निघत नसे. त्यामुळे दोन गाड्या समोरासमोर येण्याचा धोका टळे. वाफेच्या एंजिनाला वरचेवर पाणी लागे. त्यासाठी विहीर, पंप, उंचावरील टाकी व रुळालगतचा नळखांब अशी व्यवस्था काही स्थानकांवर असे. मालधक्क्याची उंची वाघिणीच्या तळाइतकी ठेवीत, म्हणजे बैलगाडीतील गासड्या व पोती उचलून न चढविता सरळ आत सरकविता येत. धक्क्यामागे गोदाम व त्यामागे गाड्या सोडण्यासाठी मोकळे मैदान असे. सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने, अडत्यांच्या वखारी आणि धर्मशाळा यांना स्थानकाजवळची जागा सोयीची पडे. खानदेशातील अनेक गावांच्या वाढीला ‘स्टेशन रोड’ने दिशा दिली, ती या व्यवहारामुळे होय.

निरुपयोगी होण्याची कारणे : ही बांधकामे ओस पडली, ती बहुधा पडझडीमुळे नव्हे, तर त्यांचे काम संपल्यामुळे. पहिले कारण मालवाहतुकीतील बदल हे होय. एकेका व्यापाऱ्याच्या एक-दोन वाघिणी भरून घेण्याची पद्धत १९८० नंतर मागे पडली व रेल्वेने एकाच ठिकाणाहून पूर्ण मालगाडी भरण्यावर भर दिला. सुटा माल ट्रककडे गेला आणि लहान स्थानकांवरील गोदामे रिकामी झाली. दुसरे कारण एंजिनांतील बदल. भारतातील रुंदमापी मार्गांवरून वाफेची एंजिने १९९५ च्या सुमारास निवृत्त झाली व पाण्याच्या टाक्यांचे मुख्य प्रयोजन संपले. तिसरे कारण सिग्नलव्यवस्थेचे विद्युतीकरण. त्यामुळे तरफांच्या केबिनींची गरज उरली नाही. चौथे कारण दुहेरीकरण. उधना–जळगाव या सु. ३०० किमी. लांबीच्या मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले आणि गाड्यांना समोरच्या गाडीसाठी थांबण्याचे कारण राहिले नाही. दुसरा रूळ, वाढीव फलाट, पादचारी पूल व वरून जाणाऱ्या विजेच्या तारा यांसाठी जागा लागते. ती बहुधा जुन्या आवारातूनच काढली जाते.

पाचोरा–जामनेर या ५६ किमी. लांबीच्या अरुंदमापी मार्गाचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे एखादे गोदाम नव्हे, तर सबंध मार्गच थांबला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीपासून सु. शंभर वर्षे चाललेली ही गाडी २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळी बंद झाली आणि मार्ग रुंदमापी करण्याची योजना पुढे आली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर इ. ठिकाणच्या छोट्या स्थानकांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यातून उद्‌भवला. रुंदमापी मार्गाला नवी स्थानके लागतात; जुन्या कौलारू घरांना त्या आराखड्यात आपोआप जागा मिळत नाही.

पुनर्वापराचे प्रकार : जगातील व भारतातील उदाहरणांवरून पुनर्वापराचे तीन प्रमुख प्रकार दिसतात.

पहिल्या प्रकारात स्थानक हे स्थानकच राहते व त्याचे जतन केले जाते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (बांधकाम १८७८–८८, वास्तुविशारद एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स) हे याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली ही इमारत रोजची वाहतूक चालू ठेवूनच जपली जाते. भायखळा स्थानकाचा प्रयोग लहान गावांना अधिक जवळचा आहे. तेथील जुनी इमारत रेल्वे, स्वयंसेवी संस्था व वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या सहकार्याने पूर्वरूपास आणण्यात आली आणि त्या कामास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा २०२२ सालचा वारसा-संवर्धन पुरस्कार लाभला. प्रवाशांना बाहेर न काढताही जतन करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसऱ्या प्रकारात वाहतूक संपलेल्या वास्तूस नवे काम दिले जाते. मँचेस्टरचे लिव्हरपूल रोड स्थानक १८३० मध्ये सुरू झाले. १८४४ मध्ये तेथील प्रवासी वाहतूक थांबली, तरी मालवाहतूक १९७५ पर्यंत चालू होती. १९८३ मध्ये तेथे विज्ञान व उद्योग यांचे संग्रहालय आले. पॅरिसचे ओर्से स्थानक (१९००) लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी १९३९ मध्ये बंद झाले. विजेवर चालणाऱ्या लांबलचक गाड्यांना तेथील फलाट अपुरे पडू लागले होते. इमारत पाडून हॉटेल बांधण्याचा बेत पुढे सोडून देण्यात आला व १९८६ मध्ये तेथे कलासंग्रहालय उघडले. महाराष्ट्रात नागपूर येथील मोतीबागेत २००२ मध्ये अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. एंजिने व डबे यांचे जतन त्यामुळे झाले. परंतु ती ज्या लहान स्थानकांवर थांबत, त्यांचे जतन हे स्वतंत्र कार्य उरते.

तिसऱ्या प्रकारात केवळ जमिनीचा पुनर्वापर होतो. मुंबईतील कुलाबा स्थानक १८७३ पासून बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे टोकाचे स्थानक होते. डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल सुरू झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद करण्यात आले. त्या जागेवर पुढे रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत झाली. जमीन उपयोगात आली. स्थानकाचे अस्तित्व मात्र नकाशे व छायाचित्रे यांपुरतेच उरले.

खानदेशातील शक्यता व अडचणी : रेल्वेने डिसेंबर २०२२ मध्ये ‘अमृत भारत स्थानक’ ही योजना आखली. तिच्याखाली विकसित झालेली धुळे व सावदा ही खानदेशातील स्थानके २२ मे २०२५ रोजी इतर अनेक स्थानकांसोबत नव्या स्वरूपात खुली करण्यात आली. या योजनेचा भर प्रवाशांच्या सोयींवर आहे आणि तो योग्यही आहे. जुन्या फलाटावर सावली, स्वच्छतागृह व उतार मागणाऱ्या प्रवाशाची गरज वारशाच्या नावाखाली डावलता येत नाही. तथापि नवा दर्शनी भाग उभारणे व मागील आवारास काम देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. धुळे–नरडाणा मार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. मनमाड–इंदूर या ३०९ किमी. लांबीच्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याचा अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रु. असून त्यावर ३० नवी स्थानके योजिली आहेत. धुळे–नरडाणा दुवा पूर्ण झाल्यावर शतकाहून जुना वळसा संपेल व नरडाण्यास जंक्शनचे महत्त्व येईल. मात्र याच बांधकामात परिसरातील जुन्या खुणा नाहीशा होण्याचा संभवही सर्वाधिक आहे.

मालगोदाम हा या आवारांतील सर्वांत उपयुक्त घटक ठरू शकतो. उंच जोते, जाड भिंती, रुंद दरवाजे व मधे खांब नसलेली प्रशस्त जागा यांमुळे शेतमालाची प्रतवारी व साठवण, ग्रंथालय, अभ्यासिका किंवा स्थानिक वस्तुसंग्रह यांसाठी तो योग्य असतो. दोंडाईचा परिसरातील मिरचीसारख्या मालास अशा जागेचा उपयोग होऊ शकतो. पाण्याची विहीर व टाकी गावाच्या पाणीपुरवठ्यास जोडता येतात. यापुढील अडचणी प्रामुख्याने तीन आहेत. चालत्या रुळांलगत सार्वजनिक वावर वाढविल्यास सुरक्षिततेसाठी कुंपण व स्वतंत्र प्रवेश लागतो. जमीन रेल्वेची असल्याने स्थानिक संस्थेस ती भाडेपट्ट्यानेच मिळू शकते. २००५ च्या दुरुस्ती कायद्यान्वये स्थापन झालेल्या रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाचा मुख्य उद्देश अशा जमिनीतून उत्पन्न मिळविणे हा आहे. तिसरी अडचण संरक्षणाची होय. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची यादी व नियमावली लागू आहे. तालुक्याच्या गावातील स्थानकाचे नाव अशा कोणत्याही यादीत नसेल, तर ते पाडण्यापूर्वी कोणास विचारण्याचे बंधन सहसा राहत नाही.

सर्वच जुनी बांधकामे राखणे शक्य नाही व आवश्यकही नाही. कुलाब्यासारखे मोठे स्थानक नाहीसे झाले, तरी महानगरात त्याचे नकाशे व छायाचित्रे उरली. लहान गावांत मात्र इमारतीबरोबर तिची माहितीही नष्ट होते. यासाठी प्रत्येक आवाराचे मोजमाप, नकाशे, छायाचित्रे व तेथे काम केलेल्या हमाल, सांधेवाले, अडते यांच्या आठवणी पाडकामापूर्वी नोंदविणे ही पहिली पायरी होय. अशा कार्यास खानदेशात परंपरेचा आधार आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुन्या दप्तरांच्या जतनाचे काम केले. सोने उतरणारी बंदरे व शिलालेख असलेली देवळे यांच्याइतकेच, शेतकऱ्याचा कापूस ज्या धक्क्यावरून जगाच्या बाजारात गेला, तो धक्काही या प्रदेशाच्या इतिहासाचे साधन आहे. त्याची नोंद होऊन मगच तो राखावयाचा की पाडावयाचा हे ठरविले गेल्यास, पुनर्वापराचा निर्णय केवळ जागेच्या किंमतीवर अवलंबून राहणार नाही.