डॉक्टर व्हायला वर्षं लागतात

शिरगावहून तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणतेय, पण एवढी वर्षं शिकवायचं कसं?" आज या 'एवढ्या वर्षां'बद्दलच बोलूया. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री डॉक्टरांना ही वर्षं कशी मिळाली, ते ऐका.

आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणला जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांवर उपचार करायला बाईच डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण तिकडची थंडी आणि क्षयरोग यांनी शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या. तेव्हा बावीस वर्षंसुद्धा पूर्ण नव्हती. पदवी हातात आली, पण रुग्ण तपासायला आयुष्य उरलं नाही.

आता दुसरी बाई. रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ सालचा. अकराव्या वर्षी त्यांचंही लग्न लागलं, पण त्या माहेरीच राहिल्या. आई जयंतीबाई विधवा झाल्या होत्या. त्यांच्या सुतार समाजात दुसऱ्या लग्नाची रीत होती, म्हणून डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी त्यांचा संसार झाला. सावत्र वडील डॉक्टर, घरात पुस्तकं. रखमाबाई वाचत राहिल्या.

१८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला, बायकोने नांदायला यावं म्हणून. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण पुढे फिरला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. देशभर गाजावाजा झाला. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, लोकांनी वर्गणी दिली आणि १८८९ साली रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या. १८९४ साली डॉक्टर झाल्या. मग सुरत आणि राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी जवळपास ३५ वर्षं सेवा केली. १९५५ साली, नव्वदीत, त्या गेल्या.

मैत्रिणींनो, दोघीही हुशार, दोघीही धीराच्या. पण रखमाबाईंनी आपली वर्षं भांडून राखली, म्हणून हजारो बायकांना डॉक्टरीण मिळाली.

आता आपल्या पोरींचं बघू. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. मग नीट परीक्षा. ती मराठीतूनही देता येते. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर्षभर इंटर्नशिप. आयुर्वेदाच्या बीएएमएसलाही तेवढीच वर्षं. म्हणजे डॉक्टर होईपर्यंत पोरगी तेविशी-चोविशीत जाते. आणि आपल्याकडे अठरा पूर्ण झाली की स्थळं यायला लागतात! तिचा खरा अभ्यास तर तेव्हा नुकता सुरू झालेला असतो.

आनंदीबाईंना सातासमुद्रापार जावं लागलं. आपल्या जवळ तळेगाव दाभाड्यात मेडिकल कॉलेज आहे, पुण्यात सरकारी बी. जे. आहे. फीचीही थोडी सोय झाली आहे. सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळाली आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर २०२४ पासून पात्र मुलींची शिकवणी व परीक्षा फी शासन भरतं. वसतिगृहाचा खर्च मात्र वेगळा. अटी नीट विचारून घ्या आणि उत्पन्न, अधिवास, जातीचे दाखले अकरावीतच काढून ठेवा.

गटातून आपण शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज देतो. नीटच्या क्लाससाठी कोणी मागितलं, तर तेही तितक्याच विश्वासाने देऊया. आणि स्थळ घेऊन कोणी दारात आलं, तर एवढंच सांगूया, "पोरगी शिकतेय. तिचं पुरं होऊ द्या."