भंगार कोण ठरवतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्या तारखेमुळे एकाही संगणकाचा एकही सुटा भाग बिघडला नाही. तरीही कोट्यवधी यंत्रे ‘जुनी’ ठरली. विंडोज ११ साठी कंपनीने ठरावीक सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर सक्तीचा केला आणि ही यंत्रे त्या अटींत बसत नव्हती. अशा सुमारे २४ कोटी संगणकांवर भंगारात जाण्याची वेळ येऊ शकते, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्येच मांडला होता. पुढे वर्षभराची मुदतवाढ देण्यात आली, पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही, फक्त पुढे ढकलला गेला.

वस्तू झिजून निकामी होणे वेगळे आणि ती निकामी ठरवली जाणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला शंभर वर्षांचा इतिहास आहे. डिसेंबर १९२४ मध्ये ओसराम, फिलिप्स आणि इतर बड्या बल्ब उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला. त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या आणि घरगुती बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणायचे ठरवले. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत असत. ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा फार जास्त टिकेल, त्या उत्पादकालाच दंड! दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला. ग्राहकाने पुन्हा पुन्हा विकत घ्यावे म्हणून वस्तूचे आयुष्य आपण ठरवायचे, ही वृत्ती मात्र टिकली.

मग टाकून दिलेले जाते कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या आणि पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या मुरादाबादसारख्या ठिकाणी पोहोचतो. या दोन्ही ठिकाणी मुस्लिम कारागिरांची मोठी वस्ती आहे. थोड्याशा तांब्या-सोन्यासाठी सर्किट बोर्ड जाळले जातात, आम्लात बुडवले जातात. शिसे आणि विषारी धूर कारागिरांच्या फुप्फुसांत जातो, राख रामगंगेच्या काठावर साठते. नफा एकाच्या खात्यात आणि खोकला दुसऱ्याच्या घरात, असा हा व्यवहार आहे.

याला नकार देण्याचे एक साधन एका प्रिंटरच्या निमित्ताने घडत गेले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक प्रिंटर होता. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करायची होती, पण मूळ आज्ञावली गुप्ततेच्या कराराआड होती. त्यांना ती मिळाली नाही. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना आला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला. आजच्या लिनक्स प्रणाली या दोन्हींतून उभ्या राहिल्या.

‘फ्री सॉफ्टवेअर’मधल्या ‘फ्री’चा अर्थ फुकट नव्हे, मुक्त. कोणीही ते वापरावे, तपासावे, बदलावे, वाटावे. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना हेच हक्क त्यालाही द्यावेत. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. वक्फ केलेल्या विहिरीचे पाणी सर्वांसाठी असते आणि ती विहीर वारसांत वाटली जात नाही. तुलना तंतोतंत नाही, कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रती विकताही येतात. पण कुंपण दोन्हींना घालता येत नाही.

केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग केव्हाच धरला. तिथली मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट टाकले की लेखन, हिशेब, इंटरनेट ही कामे होतात. मराठीत टंकता येते, उर्दूतही. अडचणीही आहेत. काही व्यावसायिक सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत आणि पहिले काही दिवस हात अडखळतो. पण मोहल्ल्यातल्या वाचनालयाला, मदरशाला किंवा दहावीच्या अभ्यासवर्गाला एवढे पुरेसे आहे.

वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. इसराफ म्हणजे उधळपट्टी, आणि ती फक्त लग्नाच्या दस्तरखानावर होत नाही. चालता संगणक भंगारात देणे हाही इसराफच आहे आणि त्याची किंमत सीलमपूरचा कारागीर मोजतो. त्याच्या हातात कौशल्य आहे. बोर्ड जाळण्याऐवजी यंत्र दुरुस्त करण्याची मजुरी त्याला मिळाली पाहिजे. त्यासाठी आपल्या कपाटात पडून असलेला लॅपटॉप आधी भंगारवाल्याकडे नव्हे, दुरुस्तीच्या टेबलावर गेला पाहिजे.