वाटसरू मुलांची घरे



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या खेड्यांतल्या शाळांना कुलूप लागते. बाके कोपऱ्यात रचली जातात, फळ्यावर धूळ बसते, आणि एखादे वऱ्हाड उतरले तरच ते कुलूप निघते. आज जी हकिगत मी सांगणार आहे ती अशाच एका सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत घडली. शाळा मात्र आपल्याकडची नाही. ती आहे जर्मनीतली. आणि हकिगतीचा नायक कोणी राजा नाही, सेनापती नाही. तो प्राथमिक शाळेतला एक मास्तर आहे.

रिखार्ड शिरमान हे त्याचे नाव. जन्म १८७४ सालचा, पूर्व प्रशियातल्या एका खेड्यातला. १९०१ मध्ये तो नोकरीसाठी पश्चिमेला गेल्सनकिर्खेन या कोळशाच्या खाणींच्या शहरात आला. तिथली मुले धुरात जन्मलेली, धुरातच वाढलेली. शिरमानच्या मनाने घेतले की झाड, ओढा, दगड हे पुस्तकातून शिकवायचे नसतात. तो वर्गच्या वर्ग घेऊन रानात जाऊ लागला. ही रीत वरिष्ठांना रुचली नाही. १९०३ मध्ये तो लेने नदीकाठच्या आल्टेना गावी आला. तारा ओढण्याच्या कारखान्यांचे हे गाव. पण भोवती डोंगर आणि जंगल. मग काय, शिरमान गुरुजींच्या सहली आणखी लांबल्या.

आता सहल लांबली की पहिला प्रश्न येतो तो मुक्कामाचा. रात्री मुलांना झोपवायचे कुठे? खाणावळीत उतरावे तर मजुरांच्या मुलांजवळ पैसा नाही. तशी प्रवासी विद्यार्थ्यांसाठी काही निवासस्थाने त्या काळी होती. बोहेमियातल्या गिडो रोटर या गृहस्थाने १८८४ पासून ती सुरू केली होती. परंतु ती वरच्या शाळांतल्या आणि कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांसाठी. साध्या प्राथमिक शाळेतल्या पोराला तिथे जागा नव्हती.

२६ ऑगस्ट १९०९ चा दिवस. शिरमान आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आठ दिवसांच्या पायी सहलीवर निघाला होता. ब्र्योल नदीच्या खोऱ्यात असताना आभाळ भरून आले आणि विजांसह पाऊस कोसळू लागला. अखेर एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला. कोणी शेतकऱ्याने गवत दिले. ते वर्गात पसरून मुले झोपली. बाहेर रात्रभर वादळ गर्जत होते. मुलांना झोप लागली, मास्तरांना लागेना. अंधारात पडल्या पडल्या त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो विचार इतका सोपा होता की आधी कोणाला कसा सुचला नाही याचेच नवल वाटावे. प्रत्येक गावात शाळा आहे, आणि सुट्टीत ती रिकामी असते. एका दिवसाच्या चालीवर एक, अशा शाळा मुक्कामासाठी उघडल्या, तर कोणत्याही गरिबाच्या मुलाला सारा देश पायी पाहता येईल!

विचार सुचणे वेगळे आणि तो अमलात आणणे वेगळे, हे आपण शिक्षकमंडळी चांगले जाणतो. शिरमानने आधी हिशेब मांडला. दोन वर्ग घ्यायचे, एक मुलांना, एक मुलींना. बाके हलवायची. गवत भरलेली गादी, उशी, चादर आणि कांबळे, एवढे बिछान्याला पुरे. आणि ज्याची गादी त्याने सकाळी उचलायची, जागा झाडायची. १९१० मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून ही योजना लोकांपुढे मांडली. पैसे येऊ लागले. हिल्खेनबाखचा कारखानदार व्हिल्हेल्म म्युंकर हा त्याला येऊन मिळाला. शिरमान स्वप्न पाहणारा, तर म्युंकर जमाखर्च आणि पत्रव्यवहार सांभाळणारा. कोणत्याही संस्थेला ही दोन्ही माणसे लागतात, नाही का?

आल्टेनाच्या टेकडीवर एक जुना किल्ला आहे. त्याची डागडुजी चालू होती. तिथेच १९१२ साली पहिला कायमचा युवक-निवास उभा राहिला. जाड लाकडाचे, एकावर एक असे तीन मजली पलंग, एक स्वयंपाकघर, हातपाय धुण्याची सोय. ज्या किल्ल्यात एके काळी सरदार राहत, तिथे आता तारकामगारांची पोरे घोरू लागली. त्या मूळ खोल्या आज संग्रहालय म्हणून जपलेल्या आहेत.

लवकरच पहिले महायुद्ध आले. मास्तर सैनिक झाला. १९१५ च्या नाताळात व्होजेस डोंगरातल्या आघाडीवर होता. नाताळच्या घंटा वाजल्या, आणि समोरासमोरच्या खंदकांतले जर्मन व फ्रेंच शिपाई बंदुका ठेवून एकमेकांना भेटले. इकडून काळी पाव-रोटी गेली, तिकडून दारू आणि सिगारेटी आल्या. वरिष्ठांना हे कळले आणि पुन्हा गोळीबार सुरू झाला. परंतु शिरमानच्या मनात एक गोष्ट घर करून राहिली. या देशोदेशींच्या तरुणांना आधीच भेटायला जागा असती तर?

युद्ध संपले आणि १९१९ मध्ये या निवासांची देशव्यापी संघटना उभी राहिली. प्रत्येक निवासावर देखरेखीला बहुधा एक जोडपे असे. मुले त्यांना निवासाचे आईबाप म्हणत. दारू-तंबाखूला बंदी, आणि ज्याने त्याने आपले काम करायचे. १९३२ पर्यंत निवासांची संख्या दोन हजारांवर गेली. वर्षाकाठी मुक्काम पंचेचाळीस लाखांच्या घरात पोचले. दरम्यान हे लोण इतर देशांत पसरले होते. इंग्लंड व वेल्समध्ये १९३० साली अशीच संस्था निघाली. ऑक्टोबर १९३२ मध्ये अॅमस्टरडॅमला अकरा देशांचे प्रतिनिधी जमले, आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि अध्यक्षपद अर्थातच शिरमानला मिळाले.

इथपर्यंतची गोष्ट सरळ चढणीची आहे. पुढचे वळण मात्र नीट ध्यानात घ्यावे असे आहे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. अवघ्या काही महिन्यांत ही सारी संघटना हिटलरच्या युवक-दलाच्या ताब्यात गेली. इमारती त्याच, पलंग तेच. पण भिंतींवर आता स्वस्तिकाचे झेंडे, आणि ज्यू मुलांना दारे बंद. जे घर ‘कोणत्याही मुलासाठी’ म्हणून बांधले होते, त्याच्या उंबरठ्यावर आता जात विचारली जाऊ लागली. म्युंकर बाहेर पडला. शिरमानला देशातल्या कारभारातून बाजूला सारण्यात आले, आणि १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदही सोडावे लागले. खरे सांगायचे तर, थोडे जुळवून घेतले म्हणजे काम टिकेल, अशी आशा या जुन्या कार्यकर्त्यांना आरंभी वाटत होती. काम टिकले, पण ते त्यांचे राहिले नाही. संस्था कितीही चांगल्या हेतूने बांधलेली असो, तिच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हे रोज पाहावे लागते. दोन हजार घरे उभारायला वीस वर्षे लागली. ती हातची जायला एक वर्षही लागले नाही.

दुसऱ्या महायुद्धात कित्येक निवास पडले. उरलेल्यांपैकी काहींत निर्वासित राहिले. परंतु वृद्ध शिरमानने पुन्हा कंबर कसली. १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीत संघटना नव्याने उभी राहिली. परदेशातली मुले पुन्हा येऊ लागली. काल ज्यांचे बाप एकमेकांवर गोळ्या झाडत होते, ती आता एकाच खोलीत झोपू लागली. १४ डिसेंबर १९६१ रोजी शिरमानने डोळे मिटले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली होती. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पूर्वेकडचे निवासही एका छत्राखाली आले. आज जर्मनीत संख्या पूर्वीइतकी नाही, चारशेच्या आसपास आहे. पण जगभर या चळवळीची शाखा पोचली आहे. आपल्या भारतातही यूथ हॉस्टेल्स असोसिएशन आहे, आणि तिच्या हिमालयातल्या पदभ्रमणांना महाराष्ट्रातली कितीतरी मुले-मुली दरवर्षी पाठीवर पिशवी टाकून जातात.

शिक्षकबंधू-भगिनींनो, या साऱ्याच्या मुळाशी काय होते? एक रिकामी शाळा, थोडे गवत, आणि आपली मुले भिजू नयेत म्हणून जागा राहिलेला एक मास्तर. त्याच्याजवळ सत्ता नव्हती, पैसा नव्हता. पुढल्या सुट्टीत शाळेला कुलूप लावताना, गावाबाहेरची कोणाची मुले इथे एक रात्र झोपू शकतील का, एवढा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. आणि कोणी दार ठोठावले तर ते कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे, हे न विचारता उघडावे.